इंजेक्शनानंतरची भाकरी

मी सासूच्या हाताला चावले होते, असं सगळे सांगतात. मला ते आठवत नाही. तोंडात काहीतरी कडू आलं आणि मला ते नको होतं, एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा दौंडच्या दवाखान्यात होते. हाताला सलाईन लावलेलं होतं आणि पलंगाच्या पायथ्याशी आत्याबाई उभ्या होत्या. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांच्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं.

"काय लागलं तुम्हाला?" मी विचारलं.

त्यांनी मनगट पदराखाली घेतलं. आमचे मालक म्हणाले, "तूच केलंस की ते."

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. पण आमच्या घरी आरोग्याच्या कामासाठी रेश्माताई येतात, त्या म्हणाल्या, "मालनताई, बोलता येत नाही तर लिहा. ज्या बाईला नवीन शुगर निघाली आहे तिला मी वाचून दाखवीन. तुमचं नाव सांगणार नाही." म्हणून दुपारची भांडी झाली की थोडं थोडं लिहिते. घरात कुणाला दाखवलेलं नाही. डॉक्टरी माहिती यात फारशी नाही, ती डॉक्टरांनाच विचारा. भीती कशी असते ते मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते सांगते.

*

माझं माहेर शिरूर तालुक्यात, तळेगाव ढमढेऱ्याजवळ. सासर दौंड तालुक्यात, पाटसच्या बाजूला, वस्तीवर. मालकांच्या आजोबांच्या वेळी घरची मेंढरं होती. आता मेंढरं गेली आणि ऊस आला. मुलगी नांदायला गेली, मुलगा चाकणला कंपनीत आहे. घरात आम्ही तिघं. मालक हंगामात कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवतात, तेव्हा आत्याबाई आणि मी अशा दोघीच.

माहेरी गेले होते तेव्हाची गोष्ट. भावाबरोबर तळेगावच्या बाजाराला गेले. ज्या दुकानापुढं उभी राहीन तिथं पाणी मागत होते. पायाच्या अंगठ्याला काटा लागून झालेली जखम उन्हाळाभर भरत नव्हती. भावानं पायाकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं, आणि बाजाराची पिशवी तिथंच ओळखीच्या दुकानात ठेवून मला जीपमध्ये बसवून शिरूरला नेलं.

डॉक्टरांनी कागद बघितला. "शुगर आहे. बरीच आहे," म्हणाले. मी खाली फरशीकडं बघत होते. आमच्या आळीतल्या एका म्हातारीचा पाय शुगरनं कापला होता. ती दारात बसून कापलेल्या पायाला खाजवायची, जो पायच नव्हता त्याला. मला तीच दिसत होती. डॉक्टर काय बोलले ते सगळं भावानं ऐकलं.

परत पिशवी घ्यायला बाजारात आलो. लहानपणापासून बाजाराला गेलो की भाऊ मला गोडीशेव घेऊन देतो. त्या दिवशीही तो सवयीनं गोडीशेवेच्या पालापुढं जाऊन उभा राहिला. मग तसाच वळला आणि मेथीची जुडी घेऊन आला. 

*

आधी गोळ्या होत्या, पुढं इंजेक्शन सुरू झालं. ते गारव्याला ठेवावं लागतं आणि आमच्याकडं फ्रीज नाही. रस्त्यापलीकडं नंदाकाकी राहतात, त्यांच्याकडं आहे. मी त्यांना सांगितलं, डोळ्यांत घालायचं औषध आहे. शुगर झाली हे सांगायची लाज वाटत होती. आपल्याकडं कुणाला शुगर झाली म्हटलं की लोक आधी हळहळतात आणि मग ताटाकडं बघायला लागतात. नंदाकाकींनी फ्रीजच्या दारातल्या अंड्यांच्या खाचेत बाटली ठेवली. बऱ्याच दिवसांनी मला म्हणाल्या, "का गं मालन, डोळ्याच्या औषधाला सुई लागती व्हय?" मी खाली मान घातली. "ठेव ठेव," त्या म्हणाल्या, "मी काय माईक घेऊन सांगत न्हाई."

आत्याबाईंनी माझ्या शुगरविरुद्ध लढाईच सुरू केली होती. साखरेचा डबा उचलला. गुळाची ढेप पेटीत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. स्वतःही बिनसाखरेचा चहा प्यायला लागल्या. "तुला न्हाई तर मलाबी न्हाई," म्हणायच्या. रोज सकाळी कारल्याचा रस काढून माझ्यापुढं धरायच्या आणि मी संपवेपर्यंत हलायच्या नाहीत. सख्ख्या आईनं एवढं केलं नसतं. म्हणून पुढं जे झालं त्यात त्यांना दोष देता येत नाही, आणि त्यांनाही तो कुणी दिला नाही. त्यांचा त्यांनीच घेतला.

*

डॉक्टरांनी सांगितलं होतं, इंजेक्शनची वेळ चुकवायची नाही आणि घेतल्यावर लगेच जेवायचं. आमच्या घरात सून सगळ्यांच्या शेवटी जेवते. पाहुणे, घरातले पुरुष, मग सासू, मग सून. लग्न झाल्यापासून माझ्यासाठी "लगेच"चा अर्थ सगळ्यांचं झाल्यावर लगेच, असाच होता. डॉक्टरांना वाटलं, सांगितलं. मला वाटलं, कळलं.

घरी तिघंच असायचो तोवर निभावलं. त्या दिवशी लग्नाचं आमंत्रण घेऊन पाहुणे आले. मी वेळेवर इंजेक्शन घेतलं आणि भाकरी थापायला बसले. पाहुणे बोलत बसले. उसाचा भाव, कुणाच्या पोराची नोकरी, कुणाची वाटणी. मला घाम फुटला, तो मला चुलीचा वाटला. मग तवा दोन दिसायला लागला. त्यापुढचं मला नंदाकाकींनी सांगितलं, त्या नेमक्या ताक द्यायला आल्या होत्या.

मी म्हणे पीठ मुठीनं चुलीत टाकत होते. आत्याबाईंनी हाक मारली तर त्यांना अगं-तुगं केलं. पाहुण्यांतली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "अंगात आलंय हिच्या." देव्हाऱ्यातला भंडारा आणून माझ्या कपाळाला फासला आणि विचारलं, "कोन हाय तू? काय पायजे तुला?"

मी म्हणाले, "भाकर."

"मागनं मागतंय बघा," म्हातारी म्हणाली. मग त्यांनी मी थापलेली भाकरी घेतली, तिचे तुकडे केले, माझ्यावरून ओवाळले आणि कोपऱ्यावर नेऊन टाकले. हे सांगताना नंदाकाकींना हसू आवरेना. मलाही आलं. 

आत्याबाई म्हणत होत्या, देव-बिव काही नाही, शुगर आहे. त्यांचं खरं होतं. पण शुगर म्हणजे वाढलेलीच, कमीही होते हे आमच्यात कुणाला माहीत होतं? त्यांनी सकाळचा उरलेला कारल्याचा रस आणला आणि माझं तोंड उघडून ओतला. मी चावले ते तेव्हा. मग आडवी झाले आणि हातपाय झाडायला लागले. मालकांनी शेजारची जीप काढायला लावली.

*

दवाखान्यात शिरेतून साखर दिली आणि मी जागी झाले. डॉक्टर मालकांना म्हणाले, "बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. रस फुप्फुसात गेला असता तर?" आत्याबाई तिथंच होत्या. त्यांना कुणी रागावलं नव्हतं. पण त्या बाकावर जाऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी सिस्टरनं मला साखरेचा चहा दिला. मी कप हातात घेऊन तशीच बसले. किती तरी दिवसांनी साखरेचा चहा, आणि मला तो विषासारखा वाटत होता.

"प्या. मी सांगतेय ना," सिस्टर म्हणाली.

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "पी बाई." मी प्यायले. शेजारच्या पलंगावरची बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघा, ह्यांची सासू चहा प्यायला सांगती. तुमची आई पानी सुद्धा मोजून देती." सगळे हसले. आत्याबाई हसल्या नाहीत.

*

घरी आल्यावर खरी भीती सुरू झाली.

आधी इंजेक्शनची भीती वाटायला लागली. सुई टोचली की वाटायचं, आता घड्याळ सुरू झालं. एक-दोनदा मी कमी औषध भरलं. मग शुगर वाढली, तोंड सुकलं, पायाला मुंग्या आल्या आणि ती पाय कापलेली म्हातारी डोळ्यांपुढं यायला लागली. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला आड. उन्हात उसाला पाणी देताना घाम आला की हातातलं खोरं टाकून बांधावर बसायचे. हा उन्हाचा घाम की तो घाम? आपल्याच अंगाचं सांगणं कळत नाही, यासारखी वाईट गोष्ट नाही. ऊस डोक्याएवढा वाढला होता. आत पडले तर कुणाला दिसणार?

मालक मला शेतात एकटीला जाऊ देईनात. चिडायला लागले. "तुला बघू का ट्रॅक्टर बघू?" म्हणायचे आणि मग फोन करून करून विचारायचे, "हायस ना?" आत्याबाई माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. मला वाटायचं, चावल्याचा राग आहे. वस्तीवर बाया विचारायच्या, "पुन्हा आलं का गं अंगात?" मी नदीवर धुणं न्यायचं बंद केलं.

*

मग रेश्माताई आल्या. शुगर एकदम उतरून ज्यांना दवाखान्यात न्यावं लागलं अशांच्या घरी जायचं, हे त्यांचं काम. स्कूटीवरून आल्या, ओट्यावर बसल्या आणि पाणी प्यायल्या. मला वाटलं, रक्त तपासतील आणि जातील. त्यांनी विचारलं, "तुम्ही पडलात तर इथं कुणाकुणाला कळेल काय करायचं?"

मी म्हणाले, "कुणाला नको."

"कुणाला नको म्हणजे?"

"कुणाला सांगायला नको."

त्या माझ्याकडं वळून बसल्या. मग म्हणाल्या, "मालनताई, मी दौंडला राहते. तुम्हाला झालं तर मी पोहोचेपर्यंत उशीर होईल. पोहोचणार ते शेजारचेच. त्यांना माहीत नसेल तर ते पुन्हा भंडारा लावतील."

पुढच्या खेपेला त्यांनी नंदाकाकींना आणि आजूबाजूच्या बायांना ओट्यावर बोलावलं. मी आत चुलीपाशी जाऊन बसले. आतून ऐकू येत होतं. घाम, थरथर, वेड्यासारखं बोलणं, ही शुगर उतरल्याची खूण. माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर पाण्यात साखर नाहीतर गूळ घालून पाजायचा. थोड्या वेळानं पुन्हा बघायचं, बरं वाटलं की जेवायला घालायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि गाडी बोलवायची.

आत्याबाईंचा आवाज आला. "म्हंजी गूळ द्यायचा? शुगरच्या मानसाला?"

"त्या वेळी द्यायचा, आजी."

"आन् मी कुलूप लावून बसले ते?"

"रोजचं वेगळं, त्या वेळचं वेगळं."

"मला काय ठावं बाई," आत्याबाई म्हणाल्या. "कडू पाजलं मी तिला. मेली असती तर माज्या हातनं मेली असती."

 तेव्हा मला कळलं की त्या इतके दिवस का बोलत नव्हत्या. माझ्या मनात आलं, उठून बाहेर जावं आणि त्यांच्याजवळ बसावं. पण बाहेर एवढ्या बाया होत्या. मी उठले नाही.

नंदाकाकी म्हणाल्या, "आत्याबाई, आता किल्ली तेवढी माज्याकडं द्या. न्हाईतर गूळ लागायचा तवा तुमी देवळात असाल." सगळ्या हसल्या. त्याच दिवशी किल्ली कमरेवरून उतरली आणि खुंटीला टांगली. आसपासच्या चार घरांत साखरेची पुडी फळीवर ठेवली गेली, माझ्या नावाची. माझी शुगर आता सगळ्या वस्तीला माहीत झाली होती. मला वाटलं होतं, लाजेनं मरेन. पण त्या आठवड्यात मी पुन्हा एकटी शेतात गेले. बांधावरून कुणी ना कुणी हाक मारून जायचं, "मालन, हायस का?" हे असं किती दिवस चालणार, कंटाळतील का, अशी भीती मला आजही वाटते.

*

हे सगळं लोकांनी केलं. एक गोष्ट मात्र मलाच करायची होती आणि तीच होत नव्हती. रेश्माताई प्रत्येक खेपेला विचारायच्या, "इंजेक्शन झाल्यावर लगेच जेवता ना?" मी मान हलवायचे.

जेवायचे, पण गोठ्यात. इंजेक्शन घ्यायचं, पदराखाली भाकरी घ्यायची आणि गाईच्या आडोशाला उभ्यानं खायची. चोरी केल्यासारखं. कुणाची चाहूल लागली की घास तसाच गालात धरायचा. एकदा आत्याबाई म्हणाल्या, "गव्हाणीत भाकरीचा चुरा कसा काय?" मी म्हणाले, "मांजर आलं असंल." दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेले तर गव्हाणीशेजारी पाट ठेवलेला होता आणि तांब्या भरून पाणी. त्या एवढंच करू शकत होत्या. पुरुषांच्या आधी सुनेला ताट वाढायचं, हे त्यांच्याही हातून होणारं नव्हतं.

चैत्रात आमच्या वस्तीवर देवाचं जेवण असतं. बोकड पडतो, सगळी भावकी जमते. पंगतीत मानाचे आमचे चुलत सासरे, आप्पा. फार कडक माणूस. त्यांच्यापुढून मी कधी डोक्यावर पदर घेतल्याशिवाय गेले नव्हते आणि त्यांच्यासमोर कधी एक शब्द बोलले नव्हते.

देवाला निवद दाखवून झाला. अंगणात पुरुषांच्या पंगतीची ताटं मांडली. मी आत जाऊन नंदाकाकींकडून आधीच आणून ठेवलेलं इंजेक्शन घेतलं आणि भाकरी घेऊन गोठ्याकडं गेले. गोठ्यात रश्श्याची मोठी पातेली उतरवून ठेवलेली होती आणि भावकीतले दोघं-तिघं तिथंच वाढपाची तयारी करत होते. मी मागं फिरले. स्वयंपाकघरात बाया दाटीवाटीनं. माडीवर पोरं. नंदाकाकींच्या दाराला कुलूप, त्या आमच्याच अंगणात भाकरी थापत होत्या. घराला वळसा घालून मी पुन्हा अंगणात आले. भाकरी पदराखाली गार होत होती. हात बघितले. थरथरत होते. भीतीनं की शुगरनं, ते कळेना.

पंगत बसली होती. शेवटचं एक ताट रिकामं होतं, उशिरा येणाऱ्या कुणासाठी तरी. मी जाऊन त्या ताटावर बसले, भाकरी तशीच मांडीवर, पदराखाली.

बोलणं थांबलं. शेजारच्यानं ताट जरा सरकवून घेतलं. मी खाली बघत होते, पण सगळे बघताहेत ते मानेला कळत होतं. मालक उभे राहिले, काय करावं ते त्यांना सुचेना.

आप्पा म्हणाले, "बायकांची पंगत आदी हाय का आज?"

मला वाटलं, उठावं. मी ताटाची कड धरून ठेवली.

आत्याबाई पातेलं घेऊन वाढायला निघाल्या होत्या. नेहमी आप्पांपासून सुरुवात होते. त्या आप्पांच्या पुढून चालत आल्या, सगळी ओळ ओलांडून, आणि माझ्या ताटात भात आणि रस्सा वाढला.

"जेव," म्हणाल्या.

"वैनी, ही काय रीत म्हनायची?" आप्पा म्हणाले.

"औषध टोचलंय तिनं. आता न्हाई जेवली तर दौंडला न्यावी लागंल. भरल्या पंगतीतनं उठून गाडी कोन काढनार? तुमी?"

कुणीतरी खाकरलं. आप्पांनी पुढ्यातल्या रिकाम्या ताटाकडं बघितलं. मग म्हणाले, "मग वाढू नका कुनाला. तिचं होऊ द्या आदी."

त्यांना वाटलं असेल, अशानं बरं होईल. मला तर त्याहून वाईट झालं. ओळभर पुरुष रिकाम्या ताटांपुढं बसलेले, आणि मी एकटी जेवतेय.  पहिला घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवला. दुसरा घेतला. मागं नंदाकाकी कुणाला तरी सांगत होत्या, "हळू खाऊ द्या, घाईनं ठसका लागंल."  कालवलेला भात मी कणभरही टाकला नाही. खाता खाता हाताची थरथर हळूहळू थांबली, ती मी बघत होते.

ताट संपलं. हात धुवून मी पदर सावरला आणि वाढायला उभी राहिले. आत्याबाईंनी पातेलं माझ्याकडं दिलं. मी आप्पांपासून सुरुवात केली. रस्सा ताटात पडला. आप्पांनी बोट बुडवून बघितलं.

"गार झाला की गं सगळा."

"तापवून आनते, आप्पा," मी म्हणाले, आणि पातेलं घेऊन चुलीकडं गेले.